गाळलेल्या जागा : हॉलिवूडच्या जुन्या बेसबॉल चरित्रपटांचा आढावा

1942 ते 1957 या पंधरा वर्षांत हॉलिवूडने खऱ्या बेसबॉलपटूंच्या आयुष्यावर जे चित्रपट काढले, त्यांतल्या सातांची चर्चा आजही होते. लू गेरिगवरचा ‘द प्राइड ऑफ द यांकीज’ (1942), बेब रूथवरचा ‘द बेब रूथ स्टोरी’ (1948), माँटी स्ट्रॅटनवरचा ‘द स्ट्रॅटन स्टोरी’ (1949), जॅकी रॉबिन्सनवरचा ‘द जॅकी रॉबिन्सन स्टोरी’ (1950), डिझी डीनवरचा ‘द प्राइड ऑफ सेंट लुइस’ आणि ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडरवरचा ‘द विनिंग टीम’ (दोन्ही 1952), आणि जिम पिअर्सॉलवरचा ‘फिअर स्ट्राइक्स आउट’ (1957). इतिहास म्हणून हे चित्रपट कितपत भरवशाचे, आणि तितकेसे भरवशाचे नसतील तर त्यांचे मोल कशात, हा यांच्याविषयीचा मूळ वाद आहे. खेळाचे अभ्यासक, चित्रपटाचे अभ्यासक आणि बेसबॉलचे निष्ठावंत रसिक या वादात वेगवेगळ्या जागी उभे आहेत. त्या जागा नीट समजून घेण्यासारख्या आहेत. मात्र या चर्चेत पटकथाकारांनी मनाने रचलेल्या प्रसंगांवर गरजेपेक्षा जास्त वेळ गेला आणि त्यांनी गाळलेल्या गोष्टींकडे कमी लक्ष गेले, असे माझे मत आहे. रचलेले प्रसंग बहुतेक निरुपद्रवी आहेत. गाळलेल्या जागा मात्र एकाच ओळीत बसतात, आणि या चित्रपटांचे बरे-वाईट तिथेच ठरते.

साचा कसा पडला

मूकपटांच्या काळात खेळाडू स्वतःच पडद्यावर येत. टाय कॉबने 1917 मध्ये ‘समव्हेअर इन जॉर्जिया’त काम केले, बेब रूथने 1920 मध्ये ‘हेडिन होम’मध्ये. या चित्रपटांत नाव आणि चेहरा खेळाडूचा असे, गोष्ट बरीचशी कल्पित असे. चरित्र सांगावे असा हेतू त्यांत नव्हताच. बोलपट आल्यावर चरित्रपट हा हॉलिवूडचा आवडता प्रकार झाला. शास्त्रज्ञ, राजे, संगीतकार, संशोधक यांच्यावर धडाधड चित्रपट निघाले, पण बेसबॉलपटू त्या यादीत उशिरा शिरला. स्टुडिओंचा व्यापारी हिशेब त्याच्या आड येत होता. बेसबॉल परदेशात कळत नाही आणि स्त्रिया तो पाहायला येत नाहीत, अशी त्यांची पक्की समजूत होती. ‘प्राइड ऑफ द यांकीज’चे निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांनाही या खेळात रस नव्हता. गेरिगच्या निरोपसमारंभाचे वार्तापट पाहून त्यांचे मन बदलले, अशी गोष्ट सांगितली जाते. ती शब्दशः खरी असो वा नसो, चित्रपटाचा घाट तिच्याशी जुळतो. ‘प्राइड ऑफ द यांकीज’मध्ये प्रत्यक्ष खेळ थोडा आहे. त्यात आहे ती एका लाजाळू मुलाची आई, त्याचे प्रेम, त्याचा संसार आणि त्याचा मृत्यू.

त्या चित्रपटाला ऑस्करची अकरा नामांकने मिळाली, संकलनाचे पारितोषिक मिळाले आणि त्याने भरपूर गल्लाही जमवला. साचा तिथेच पडला. नायक साध्या घरातला, खेळावर त्याचे प्रेम आणि पैशावर नाही. बायको शहाणी व खंबीर. मधोमध एखादा आघात, आणि शेवटी भरलेल्या मैदानासमोर त्या आघातावर मात. ‘स्ट्रॅटन स्टोरी’चे दिग्दर्शनही ‘प्राइड ऑफ द यांकीज’चे दिग्दर्शक सॅम वूड यांनीच केले. ‘प्राइड ऑफ सेंट लुइस’ची पटकथा ‘प्राइड ऑफ द यांकीज’चे एक पटकथाकार हर्मन मँकिविझ यांनी लिहिली. तो चित्रपट हलकाफुलका आहे आणि नायकाची भूमिका करणाऱ्या डॅन डेलीमुळे बघवतो. वादाच्या दृष्टीने त्यात फारसे काही नाही. साच्यातले प्रसंगसुद्धा एका नायकाकडून दुसऱ्याकडे सरकले. आजारी मुलाला होम रनचे वचन देण्याची आख्यायिका मूळची रूथची, 1926 मधल्या जॉनी सिल्व्हेस्टर या मुलाभोवतीची. 1942 च्या चित्रपटात रूथ मुलाला एक होम रन कबूल करतो आणि गेरिग दोन. 1948 मध्ये रूथच्या स्वतःच्या चित्रपटात ही कथा पुन्हा आली. या वेळी ती 1932 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या त्या प्रसिद्ध फटक्याला जोडलेली होती, ज्याच्या आधी रूथने बोट दाखवून दिशा सांगितली असे म्हणतात. तो चेंडू टाकणारा पिचर चार्ली रूट याने रूथने तसे बोट दाखवल्याचे कधीच मान्य केले नाही, आणि या चित्रपटात काम करायलाही तो तयार झाला नाही.

तीन बाजू

चरित्रपटांवरच्या टीकेला भक्कम पाया मिळाला तो जॉर्ज कस्टन यांच्या 1992 मधल्या अभ्यासामुळे. 1927 ते 1960 या काळातले सुमारे तीनशे चरित्रपट पाहून त्यांनी मांडले की, स्टुडिओंनी या चित्रपटांतून एक सार्वजनिक इतिहासच तयार केला. मोठेपण म्हणजे काय, ते कोणाला मिळते आणि त्याची काय किंमत मोजावी लागते, याचे ठराविक उत्तर प्रेक्षकांच्या मनात रुजवले. बेसबॉलचे चित्रपट या चौकटीत सहज बसतात. गरीब घरातला मुलगा गुणांच्या बळावर वर येतो, कुरकुर न करता आघात सोसतो आणि जनता त्याला डोक्यावर घेते. या भूमिकेतून पाहिले तर एखादी तारीख चुकली की नाही हा मुद्दा गौण ठरतो. सगळी गोष्टच एका विचाराची वाहक आहे, आणि तो विचार अमेरिकेला स्वतःविषयी जे ऐकायला आवडते त्याचा आहे.

दुसरी बाजू चित्रपटाच्या अंगाने विचार करणाऱ्यांची आहे. त्यांच्या मते हे खेळाचे चित्रपट नाहीतच. हे कौटुंबिक मेलोड्रामा आहेत आणि त्याच मापाने ते मोजले पाहिजेत. या म्हणण्यात तथ्य आहे. ‘प्राइड ऑफ द यांकीज’मधला सर्वांत जिवंत संघर्ष मैदानावर नसून नव्या घरात आहे. सून घर लावते, सासू येऊन आपल्या पसंतीचा भिंतीचा कागद आणि फर्निचर आणते, आणि मुलाला पहिल्यांदाच आईला ‘नाही’ म्हणावे लागते. टेरेसा राइटला सुनेच्या भूमिकेसाठी प्रमुख अभिनेत्रीचे नामांकन मिळाले. ‘स्ट्रॅटन स्टोरी’त पाय गमावल्यावर खुर्चीत खिळलेला स्ट्रॅटन (जेम्स स्टुअर्ट) पुन्हा उठतो तो लहान मुलामुळे. मूल पहिली पावले टाकायला लागते आणि बापही कृत्रिम पायावर त्याच्यासोबत चालायला शिकतो. हा प्रसंग खेळाडूचा राहत नाही, कोणत्याही घरातला होतो. दुसऱ्या महायुद्धातून हातपाय गमावून परतलेल्या सैनिकांच्या घरांत 1949 साली तो काय पोहोचला असेल, याची कल्पना करता येते.

तिसरी बाजू खेळ जाणणाऱ्यांची. त्यांची तक्रार शरीराची आहे. गेरिगची भूमिका करणारा गॅरी कूपर उजव्या हाताचा आणि गेरिग डावखुरा. विल्यम बेंडिक्स चाळिशी ओलांडलेला, आणि तोच तरुण रूथ म्हणून वावरतो. पिअर्सॉलची भूमिका करणाऱ्या अँथनी पर्किन्सचे चेंडू फेकणे पाहून पिअर्सॉल स्वतः नाराज झाला. कूपरच्या बाबतीत तर वर्षानुवर्षे एक गोष्ट छापली गेली : गणवेशावरची अक्षरे उलटी शिवली, त्याला पहिल्या बेसऐवजी तिसऱ्या बेसकडे पळवले आणि फिल्म उलटी करून छापली. बेसबॉल हॉल ऑफ फेमचे टॉम शीबर यांनी 2013 मध्ये चित्रपट बारकाईने तपासला आणि ही गोष्ट बहुतांशी दंतकथा असल्याचे दाखवून दिले. कूपर डाव्या हाताने बॅट फिरवायला खरोखरच शिकला होता. चित्रपट खोटा कसा हे सांगण्यासाठी वापरलेला किस्साच अतिरंजित निघाला, हे या वादात ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शरीराची तक्रार मी क्षुल्लक मानत नाही. खेळाडूचे चारित्र्य त्याच्या हालचालीत दिसते आणि ती खोटी वाटली की पुढचे सगळे डळमळते. पण केवळ हालचाल अस्सल असल्याने चित्रपट उभा राहत नाही. रॉबिन्सनच्या चित्रपटात स्वतः रॉबिन्सनच खेळतो, तिथे हालचालीत खोट काढायला जागाच नाही. तरीही त्या चित्रपटाविषयीचे प्रश्न सर्वांत अवघड आहेत.

एका भाषणाचे काय झाले

या तिन्ही बाजूंच्या पलीकडे काय उरते, ते पाहायला गेरिगचे भाषण सर्वांत उपयोगी आहे. 4 जुलै 1939 रोजी यांकी स्टेडियमवर, वॉशिंग्टनविरुद्धच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत, सलग 2130 सामने खेळलेल्या गेरिगने निरोप घेतला. स्नायूंचा ताबा हिरावून घेणाऱ्या एएलएस या आजाराचे निदान दोनच आठवड्यांपूर्वी झाले होते. त्या भाषणाचे संपूर्ण चित्रीकरण आज उपलब्ध नाही, वार्तापटांतली मोजकी वाक्ये तेवढी उरली आहेत. बाकीचा पाठ वृत्तपत्रांवरून जुळवलेला आहे. त्या पाठात गेरिग सुरुवातीलाच सांगतो की, वाईट बातमी तुम्ही वाचली असेल, तरी आज मी स्वतःला पृथ्वीवरचा सर्वांत भाग्यवान माणूस समजतो. मग तो आभार मानत जातो. संघमालक, प्रशिक्षक, सहकारी, प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क जायंट्स, मैदानाची निगा राखणारे कर्मचारी, आणि स्वतःच्या मुलीविरुद्ध जावयाची बाजू घेणारी सासू. शेवटी तो म्हणतो की नशिबाने दगा दिला असेल, पण जगण्यासारखे माझ्याकडे खूप काही आहे.

चित्रपटात हा क्रम उलटला. ‘भाग्यवान माणूस’ हे वाक्य अखेरीस आले, जगण्यासारखे खूप आहे हे वाक्य गेले. मैदानाचे कर्मचारी, जायंट्स आणि सासू गेली, आणि त्यांच्या जागी क्रीडा पत्रकारांचे आभार आले. वाक्य उच्चारून कूपर मान खाली घालतो, डगआउटच्या पायऱ्या उतरून बोगद्याच्या अंधारात चालत जातो आणि चित्रपट संपतो. प्रसंग म्हणून तो अप्रतिम आहे. पटकथाकाराची हातोटी मान्य केलीच पाहिजे. पण मूळ भाषणात एक माणूस पुढच्या आयुष्यावर हक्क सांगत होता आणि चित्रपटातला माणूस आयुष्य खाली ठेवून जातो. गेरिग त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे जगला. जानेवारी 1940 पासून त्याने न्यूयॉर्क शहराच्या पॅरोल मंडळावर काम केले. शरीर रोज थोडे थोडे साथ सोडत असताना कैद्यांची प्रकरणे ऐकली. 2 जून 1941 रोजी त्याचा मृत्यू झाला. ती दोन वर्षे चित्रपटात नाहीत, आणि आजाराचे नावही नाही.

या गाळण्याला खोटे म्हणता येत नाही. आजारी मुलाला दिलेले दोन होम रनचे वचन कल्पित आहे आणि त्याने गेरिगच्या चरित्राचे काही बिघडत नाही, कारण तो माणूस तसा दयाळू होताच. जे गाळले त्याने मात्र माणूस बदलला. आजारासोबत जगणारा गेरिग गेला आणि आजारासमोर डोके झुकवून निघून जाणारा गेरिग उरला. चित्रपट जुलै 1942 मध्ये आला, अमेरिका युद्धात उतरून सात महिने झाले होते, आणि सुरुवातीच्या मजकुरात डेमन रनयन यांनी गेरिगच्या धैर्याची तुलना थेट रणांगणावरच्या तरुणांशी केली होती. त्या काळाला शांतपणे मरणारा वीर हवा होता. वर्षानुवर्षे अपंगत्व घेऊन कचेरीत जाणारा माणूस हवा नव्हता.

आजार, बायका आणि बाप

हाच हात पुढच्या चित्रपटांवरूनही फिरला. ‘द विनिंग टीम’ हे त्याचे ठळक उदाहरण. 373 सामने जिंकलेला अलेक्झांडर हा अपस्माराचा रुग्ण होता, पहिल्या महायुद्धात तोफखान्यात राहून आला होता आणि दारूच्या आहारी गेला होता. भूमिका रोनाल्ड रेगनची, पत्नी एमीची डोरिस डेने केलेली. चित्रपटात आजार दिसतो पण त्याचे नाव उच्चारले जात नाही. स्टुडिओने तो शब्द वापरू दिला नाही, याची खंत रेगन यांनी पुढे लिहून ठेवली. परिणाम असा की, नायक पितो म्हणून पडतो की पडतो म्हणून पितो, हे प्रेक्षकाला धड कळत नाही. अलेक्झांडरच्या आयुष्याचा तो मध्यवर्ती प्रश्न होता. त्याहून मोठी उलथापालथ क्रमाची आहे. चित्रपटात अलेक्झांडर आधी रसातळाला जातो, जत्रेतल्या तंबूत स्वतःचे प्रदर्शन मांडून पोट भरतो, आणि मग 1926 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये परत येऊन टोनी लॅझेरीला बाद करतो. प्रत्यक्षात 1926 चा विजय आधीचा, आणि प्रदर्शनाचे दिवस कारकीर्द संपल्यानंतरचे. एमीशी त्याचा दोनदा घटस्फोट झाला. नोव्हेंबर 1950 मध्ये नेब्रास्कातल्या एका भाड्याच्या खोलीत तो एकटाच वारला. पतन आधी आणि उत्थान नंतर ठेवल्यामुळे चित्रपटाला सुखान्त मिळाला. एमीच्या प्रेमाने नवरा वाचला, असा अर्थही त्यातून निघाला, आणि खऱ्या एमीने सोसले ते पुसले गेले.

रूथच्या चित्रपटात पहिली पत्नी हेलन नाहीच. दुसरी पत्नी क्लेअर हिच्याखेरीज त्याच्या भावजीवनात कोणी होते असे वाटू नये, याची काळजी घेतलेली आहे. हा चित्रपट आजही वाईट चित्रपटांच्या याद्यांत असतो आणि त्याचा बचाव करणारे फारसे कोणी नाही. 26 जुलै 1948 रोजी तो प्रदर्शित झाला तेव्हा आजारी रूथ चित्रपट पाहायला हजर होता. तीन आठवड्यांनी तो गेला. चित्रपट इतका घाईघाईने का केला, याचे उत्तर या तारखांतच आहे.

‘फिअर स्ट्राइक्स आउट’ या मालिकेतला शेवटचा, आणि त्याने साच्याशीच झुंज घेतली. बोस्टन रेड सॉक्सचा पिअर्सॉल 1952 मध्ये मानसिक आजाराने कोसळला, रुग्णालयात राहिला, आणि 1953 मध्ये पुन्हा खेळू लागला. रॉबर्ट मलिगन यांचा हा पहिला चित्रपट, निर्माता ॲलन पकुला. इथे खेळ हा आजारावरचा इलाज नाही, आजाराच्या मुळाशी तोच आहे. कार्ल माल्डेनने रंगवलेला बाप मुलाच्या प्रत्येक यशावर आणखी एक पायरी दाखवतो आणि पोरगा एक दिवस फुटतो. होम रन मारल्यावर तो जाळीवर चढून बापाला हाका मारतो, तो प्रसंग आजही अंगावर येतो. असे कधी घडलेच नाही, बापाचे चित्रही भडक केले, असे पिअर्सॉलने नंतर अनेकदा सांगितले आणि या चित्रपटाशी असलेले नाते झटकून टाकले. म्हणजे मालिकेतला सर्वांत धीट चित्रपट ज्याच्यावर होता त्यालाच तो मान्य नव्हता. हे कोडे या वादात अजून सुटलेले नाही आणि ते सहज सुटेल असेही वाटत नाही. जाळीचा प्रसंग रचलेला असला तरी मनोरुग्णालय, उपचार, संशय, राग यांतले काहीच या चित्रपटाने झाकले नाही. माझ्या कसोटीवर तो उतरतो. पण ती कसोटी माझी. ज्याच्या बापाला पडद्यावर खलनायक केले, त्याने ती का मानावी?

रॉबिन्सनचा चित्रपट

1950 चा ‘द जॅकी रॉबिन्सन स्टोरी’ वेगळा विचार मागतो. 15 एप्रिल 1947 रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरून रॉबिन्सनने मेजर लीगमधली वर्णबंदी मोडली. 1949 मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी, हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या मोकळ्या वेळात, ईगल-लायन या छोट्या कंपनीने तुटपुंज्या खर्चात हा चित्रपट उरकला. पटकथा आधी मोठ्या स्टुडिओंकडे गेली होती. त्यांतल्या काहींची अट अशी की, एक गोरा माणूस रॉबिन्सनला मोठा खेळाडू बनवतो असे दाखवावे. लेखकाने ते मानले नाही. तरीही झालेल्या चित्रपटात बराच भार ब्रँच रिकी या गोऱ्या संघप्रमुखावर पडतो. रिकीची नीती, रिकीचा धीर, रिकीची परीक्षा : शिव्या ऐकून उलट उत्तर न देण्याइतकी हिंमत तुझ्यात आहे का?

या चित्रपटाच्या बाजूने बोलण्यासारखे खूप आहे. हॉटेलांतला भेदभाव, मैदानावरची टवाळी, धमक्या हे सगळे 1950 साली, दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे पूर्ण अमलात असताना, थेट दाखवले गेले. रूबी डीने पत्नीची भूमिका इतक्या संयमाने केली की तिच्या गप्प बसण्यातही ताण जाणवतो. आणि रॉबिन्सन अभिनेता नसूनही बॅट हातात घेतल्यावर त्याचे शरीर जे सांगते ते कोणताही नट सांगू शकला नसता. विरुद्ध बाजूचा मुद्दा पुन्हा गाळण्याचाच. 1944 मध्ये सैन्यात असताना बसमध्ये मागे बसायला नकार दिल्यावरून झालेल्या वादातून रॉबिन्सनवर लष्करी खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. चित्रपटातून हे प्रकरण वगळले आहे. उलट उत्तर देणारा रॉबिन्सन गेला, सोसणारा राहिला.

शेवट त्याहून बोलका आहे. जुलै 1949 मध्ये रॉबिन्सनने वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे साक्ष दिली, गायक पॉल रोबसन यांच्या वक्तव्यांना उत्तर म्हणून. लोकशाहीवर विश्वास असल्याचे त्याने सांगितले, पण वर्णभेद ही कम्युनिस्टांनी रचलेली कथा नव्हे, अन्याय खरा आहे, असेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. चित्रपटाने पहिला अर्धा भाग घेऊन शेवट गाठला. 1972 मधल्या आत्मचरित्रात रॉबिन्सनने रोबसन यांच्याविषयी वाढलेला आदर नोंदवला. हा चित्रपट घाईत आणि कमी पैशात झाला, नंतर केला असता तर बराच चांगला झाला असता, असेही त्याने लिहिले. स्वतःची भूमिका स्वतः केलेल्या माणसाचे हे म्हणणे वजनदार आहे.

आक्षेप

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की स्टुडिओंना पर्याय नव्हता. हॉलिवूडच्या आचारसंहितेचा काच होता. जिवंत माणसांचे वा त्यांच्या कुटुंबांचे हक्क घ्यावे लागत आणि संमतीची किंमत म्हणून काही गोष्टी सोडाव्या लागत. गेरिगची पत्नी एलेनॉर, एमी अलेक्झांडर आणि स्वतः स्ट्रॅटन यांचा निर्मितीशी संबंध होता. हा आक्षेप अंशतः खरा आहे. पण ‘फिअर स्ट्राइक्स आउट’ त्याच आचारसंहितेखाली, जिवंत आणि खेळत असलेल्या माणसावर निघाला. म्हणजे जागा होती, ती वापरायची इच्छा क्वचित होती. संमती हा सत्याचा पुरावा नव्हे, हेही याच यादीवरून दिसते. रॉबिन्सनची संमती होती आणि साक्ष अर्धी राहिली.

दुसरा आक्षेप असा की प्रेक्षक भाबडे नव्हते. ते वर्तमानपत्रे वाचत, खरे काय ते त्यांना ठाऊक होते, आणि चित्रपटाकडे ते चित्रपट म्हणूनच पाहत. त्या पिढीपुरते हे मान्य. पण पुढच्या पिढ्यांकडे गेरिगचे पूर्ण भाषण नाही, कूपरचे आहे. मूळ नोंद फाटकी असली की तिची जागा चित्रपट घेतो. म्हणून गाळणे हे केवळ त्या दिवसाच्या प्रेक्षकापुरते राहत नाही.

तिसरा आक्षेप नंतरच्या चित्रपटांकडे बोट दाखवतो : हल्लीचे चरित्रपट निर्भीड आहेत, मग जुन्यांना सोडून द्या. 1992 चा ‘द बेब’ रूथचे खाणेपिणे आणि बायकांचा नाद दाखवतो. 1994 चा ‘कॉब’ टाय कॉबला जवळजवळ राक्षस ठरवतो. पण ‘कॉब’चा आधार असलेल्या अल स्टंप यांच्या लिखाणावर पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या आणि 2015 मध्ये चार्ल्स लीअरसन यांच्या चरित्राने त्यातल्या अनेक गोष्टी खोडून काढल्या. झाकण्याची जागा उघडे पाडण्याने घेतली म्हणून सत्य जवळ आले असे होत नाही. नवा साचा जुन्याइतकाच साचा असू शकतो. 2013 च्या ‘42’ या रॉबिन्सनवरच्या चित्रपटात त्याला झालेली शिवीगाळ पूर्ण ऐकू येते, हा खरा फायदा. तरी तिथेही रिकीचे वजन फारसे कमी झालेले नाही.

जे अजून सुटलेले नाही

सर्वांत मोठी गाळलेली जागा कोणत्याही एका चित्रपटात नाही, ती यादीत आहे. निग्रो लीगमधला जॉश गिब्सन रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, जानेवारी 1947 मध्ये, वारला. त्याच्यावर त्या काळात चित्रपट निघाला नाही. सॅचेल पेज 1948 मध्ये मेजर लीगमध्ये आला, गर्दी खेचत होता, बोलण्यात पटाईत होता. त्याच्यावरचा दूरदर्शनपट 1981 मध्ये आला. ज्यू असल्याबद्दल टोमणे ऐकत खेळलेला हँक ग्रीनबर्ग राहिला. 1919 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या लाचखोरीत अडकलेला जो जॅक्सन राहिला, ‘एट मेन आउट’ यायला 1988 साल उजाडले. स्टुडिओंनी या गोष्टी पाहून नाकारल्या की त्या त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत, हे प्रत्येक बाबतीत वेगळे तपासावे लागेल. ‘प्राइड ऑफ द यांकीज’च्या निर्मितीवर 2017 मध्ये रिचर्ड सँडोमिर यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. बाकीच्या चित्रपटांच्या वाट्याला इतका बारकाईचा अभ्यास आलेला नाही. ‘द विनिंग टीम’मधला अपस्मार हा शब्द कोणी, कोणत्या टप्प्यावर कापला, आणि रॉबिन्सनच्या साक्षीचा अर्धा भाग कोणाच्या सांगण्यावरून गेला, याची उत्तरे स्टुडिओंच्या आणि आचारसंहितेच्या दप्तरांत शोधावी लागतील.

स्त्रियांचा प्रश्नही असाच अर्धवट आहे. हे चित्रपट पत्नीच्या नजरेतून सांगितले आहेत असे म्हणताना, त्या पत्नीला मात्र आधार देण्यापलीकडे काम नाही हे विसरले जाते. एलेनॉरच्या बाजूने गेरिगची गोष्ट सांगायचा प्रयत्न 1978 मध्ये दूरदर्शनवर झाला, आणि त्यात सासूसुनेतला तणाव भिंतीच्या कागदापुरता राहिला नाही. एमी अलेक्झांडरची गोष्ट कोणी सांगितलेली नाही.

या सातांत उत्तम चित्रपट म्हणून मी ‘प्राइड ऑफ द यांकीज’चे आणि ‘फिअर स्ट्राइक्स आउट’चे नाव घेईन, प्रामाणिक म्हणून ‘स्ट्रॅटन स्टोरी’चे. पण ज्याला या वादात उतरायचे आहे त्याने सुरुवात ‘द जॅकी रॉबिन्सन स्टोरी’पासून करावी आणि शेजारी 1949 ची साक्ष ठेवून वाचावी. या चित्रपटावरचा प्रताधिकार संपलेला असल्यामुळे तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो.